चार ट्रॉफ्यांची टीम बंद पडली, एकीची टिकली: सिएटल स्टॉर्म गिऱ्हाइकांनी विकत घेतली त्याची गोष्ट

"चालता धंदा विकत घ्यावा का?" या व्हिडिओत मी जाता जाता सिएटल स्टॉर्म हे नाव घेतलं आणि खाली कमेंटमध्ये प्रश्नांची रांग लागली. ताई, ही कुठली कंपनी? ताई, लिंक द्या. तर कंपनी वगैरे नाही, ही अमेरिकेतली बायकांची बास्केटबॉल टीम आहे. दहा-बारा मिनिटांच्या व्हिडिओत तिची गोष्ट मावत नाही, म्हणून इथे नीट बसून लिहितेय. बास्केटबॉल कळत नसेल तरी बिनधास्त वाचा, कारण आपल्याला बघायचाय तो गल्ला.

सुरुवातीलाच एक कोडं घालते. २००७ आणि २००८ या दोन वर्षांत, एकाच लीगमधल्या दोन टीम विक्रीला निघाल्या. दोन्हींचा सौदा जवळपास एकाच भावाला झाला, १ कोटी डॉलर. तेव्हाच्या दराने धरा साधारण ४० कोटी रुपये. एक टीम ह्यूस्टनची, तिच्याकडे चार ट्रॉफ्या. दुसरी सिएटलची, तिच्याकडे एक. भाव सारखा, मग तुम्ही कुठली घ्याल?

बॅचमध्ये विचारलं की सगळे ह्यूस्टन म्हणतात. ब्रँड मोठा, नाव मोठं. ती ह्यूस्टनची टीम डिसेंबर २००८ मध्ये कायमची बंद झाली. सिएटलची आजही खेळतेय.

आता मागे जाऊ.

डब्ल्यूएनबीए ही अमेरिकेतली बायकांची प्रोफेशनल बास्केटबॉल लीग. पुरुषांची एनबीए तुम्हाला माहीत आहे, मायकेल जॉर्डनवाली. तिच्या मालकांनी १९९६ मध्ये बायकांची लीग काढायला मंजुरी दिली आणि २१ जून १९९७ ला पहिला सामना झाला. सुरुवातीला टीम फक्त आठ. आणि एक महत्त्वाची गोष्ट, सुरुवातीची काही वर्षं या टीम कुणा एका मालकाच्या नव्हत्याच. सगळ्यांची मालकी एनबीएकडे एकत्र होती आणि ज्या शहरात पुरुषांची टीम आहे, तिथला मालक बायकांची टीम चालवायचा. म्हणजे स्टेडियम त्यांचं, तिकीट खिडकी त्यांची, जाहिरात विकणारी माणसं त्यांची. बायकांचा सीझन उन्हाळ्यात, पुरुषांचा हिवाळ्यात. रिकाम्या वेळात तेच दुकान वापरायचं, असा साधा हिशोब.

आपल्याकडे स्टेशनरीच्या दुकानात कोपऱ्यात झेरॉक्स मशीन असतं ना, डिट्टो तसंच. लाईट बिल दुकानाच्या खात्यात, मशीन चालवणारा पोरगा दुकानाच्या पगारावर, जागेचं भाडं दुकान भरतंय. झेरॉक्सचे पैसे ड्रॉवरमध्ये पडतात, त्यातूनच चहा येतो. मशीन कमावतंय की खातंय, हे मालकाला विचारा. "चाललंय की," एवढंच उत्तर मिळतं. आणि ज्या दिवशी मालकाला जागा हवी असते, त्या दिवशी पहिलं मशीन उचललं जातं.

२००२ च्या शेवटी एनबीएने हे बदललं. टीम आता ज्याची त्याने स्वतःच्या नावावर घ्यायची, आणि बाहेरचा माणूसही विकत घेऊ शकतो. म्हणजे आजपर्यंत घरातून खर्च चालत होता, आता स्वतःचं पोट स्वतः भरा. लगेच मायामी आणि पोर्टलंडच्या टीम बंद झाल्या, पुढच्या वर्षी क्लीव्हलंडची. या बदलात बाहेरून आलेला पहिला मालक मात्र भारी होता. कनेटिकट राज्यातल्या मोहिगन या मूळनिवासी जमातीने २००३ मध्ये ऑर्लँडोची टीम घेतली आणि आपल्या कॅसिनोच्या आवारातल्या स्टेडियममध्ये नेली. त्यांचं गणित वेगळं, तो एक स्वतंत्र व्हिडिओ होईल.

ह्यूस्टन कॉमेट्सबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण नाहीतर तुम्हाला वाटेल ती साधीसुधी टीम होती. लीग सुरू झाल्यावर पहिली चार वर्षं, १९९७ ते २०००, चारही वेळा हीच चॅम्पियन. सिंथिया कूपर पस्तिशीला टेकलेली, आधीची कितीतरी वर्षं युरोपात खेळलेली, कारण आपल्या देशात लीगच नव्हती. ती आली आणि चारही फायनलची सर्वोत्तम खेळाडू ठरली. शेरिल स्वूप्सने १९९७ च्या जूनमध्ये बाळाला जन्म दिला आणि त्याच सीझनमध्ये, ऑगस्टमध्ये ती पुन्हा मैदानात होती. तिसरी टीना थॉम्पसन. १९९८ मध्ये ३० पैकी २७ सामने जिंकले. १९९९ मध्ये त्यांची छोट्या चणीची पॉइंट गार्ड किम पेरो कॅन्सरने ऑगस्टमध्ये गेली आणि त्याच सीझनची ट्रॉफी या मुलींनी तिच्या आठवणीत उचलली. त्या शहरात या टीमवर जीव टाकणारी माणसं होती, यात शंका नाही.

पण टीम जोडधंदाच राहिली. पुरुषांच्या ह्यूस्टन रॉकेट्सचा जो मालक, तोच हिचा. २००७ च्या सुरुवातीला त्याने ती शहरातल्याच एका फर्निचरच्या व्यापाऱ्याला १ कोटी डॉलरला विकली. हौशी माणूस, स्वतःच्या शहरावर प्रेम करणारा. मी त्याला नावं ठेवणार नाही, आपल्यासारखाच दुकानदार. पण बघा काय झालं. रॉकेट्सच्या छत्राखालून बाहेर पडल्यावर मोठं स्टेडियम गेलं. २००८ चा सीझन टीम रिलायंट अरेना नावाच्या लहान आणि जुन्या जागेत खेळली. त्याच ऑगस्टमध्ये मालकाने टीम विकायला काढली. मग लीगने ती स्वतःच्या ताब्यात घेतली आणि नवा मालक शोधायला सुरुवात केली. सप्टेंबरमध्ये आईक चक्रीवादळाने ह्यूस्टनला झोडपलं, त्यामुळे घरचा शेवटचा सामनासुद्धा घरी नाही, दुसऱ्या गावात, सॅन मार्कोसच्या एका युनिव्हर्सिटीच्या हॉलमध्ये झाला. जगात मंदी आलेली. गिऱ्हाईक मिळालं नाही. डिसेंबरात शटर खाली, खेळाडू उरलेल्या टीममध्ये वाटून टाकल्या.

चार ट्रॉफ्या कपाटात होत्या, त्या तशाच राहिल्या.

आता सिएटल. वॉशिंग्टन राज्यातलं पावसाचं शहर, मायक्रोसॉफ्ट, अ‍ॅमेझॉन, बोईंग, स्टारबक्स यांचं. आपली मराठी मंडळीही तिथे बऱ्यापैकी आहेत, तुमच्याही ओळखीत कुणीतरी असेल. या शहरात डब्ल्यूएनबीएच्या आधीपासून बायकांचं बास्केटबॉल पैसे देऊन बघणारा वर्ग होता. एबीएल नावाची दुसरी लीग होती, तिची सिएटल रेन ही टीम १९९६ पासून खेळत होती. डिसेंबर १९९८ मध्ये ती अख्खी लीग दिवाळखोरीत गेली, ऐन सीझनमध्ये. पण गिऱ्हाईक काही दिवाळखोरीत गेलं नव्हतं! रेनचं व्यवस्थापन बघणाऱ्या कॅरन ब्रायंट यांनी शहराला नवी टीम मिळावी म्हणून धडपड केली. लीगची अट होती की सीझन तिकिटांसाठी आधी अनामत गोळा करून दाखवा, मग टीम देऊ. म्हणजे दुकान उघडायच्या आधी ऑर्डर बुक. सिएटलने ते करून दाखवलं आणि २००० मध्ये स्टॉर्म सुरू झाली. त्याच वर्षी इंडियाना, मायामी, पोर्टलंड यांच्याही टीम आल्या. त्यातल्या दोघी तीन सीझननंतर गेल्या हे वर सांगितलंच.

पहिला सीझन म्हणाल तर धुलाई. ३२ सामने, ६ विजय.

इथे ड्राफ्ट समजून घ्या. अमेरिकेत कॉलेजमधून आणि परदेशातून येणाऱ्या नव्या खेळाडूंची निवड दरवर्षी होते आणि खाली राहिलेल्या टीमना आधी निवडायची संधी मिळते. हरण्याची ही एकच कमाई. स्टॉर्मला लागोपाठ दोन वर्षं पहिला नंबर लागला. २००१ मध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियाची लॉरेन जॅक्सन घेतली, २००२ मध्ये कनेटिकट युनिव्हर्सिटीची सू बर्ड. २००४ मध्ये पहिली ट्रॉफी. त्या टीमच्या कोच अ‍ॅन डॉनोव्हन, डब्ल्यूएनबीए जिंकून देणारी पहिली महिला कोच. नशीब होतं का? होतंच की. पहिला नंबर लागणं नशीब. पण बर्ड पुढे वीस वर्षं दुसरीकडे गेली नाही, ते नशिबाच्या खात्यात टाकता येत नाही.

मालकी मात्र जोडधंद्याचीच. सिएटलची पुरुषांची टीम सॉनिक्स. २००१ मध्ये स्टारबक्सचे हॉवर्ड शुल्ट्झ आणि त्यांच्या भागीदारांनी सॉनिक्स आणि स्टॉर्म असं जोडपॅक २० कोटी डॉलरला घेतलं. २००६ मध्ये तेच जोडपॅक ऑक्लाहोमा सिटीच्या क्ले बेनेट यांच्या ग्रुपला ३५ कोटी डॉलरला विकलं. विकताना अट काय, तर नवीन मालकांनी वर्षभर सिएटलमध्येच नव्या स्टेडियमसाठी प्रामाणिक प्रयत्न करावा. प्रामाणिक प्रयत्न! मंडळी, करारात असे शब्द दिसले की मला घाम फुटतो. प्रयत्न मोजणार कशाने? २००७ मध्ये त्या ग्रुपमधल्याच एका भागीदाराने वर्तमानपत्राला सांगून टाकलं की टीम सिएटलमध्ये ठेवायला घेतलेलीच नव्हती. एनबीएने त्याला अडीच लाख डॉलर दंड केला. पण बाण सुटला होता.

सॉनिक्स १९६७ पासून सिएटलमध्ये होती. २००८ च्या उन्हाळ्यात ४१ वर्षांचा संसार आवरून ती ऑक्लाहोमा सिटीला गेली. भाडेकरार मोडल्याबद्दल मालकांनी शहराला ४.५ कोटी डॉलर मोजले. पैसे मिळाले, टीम गेली.

आणि स्टॉर्म? तिची कुणी फारशी चर्चाही करत नव्हतं. मोठं दुकान हललं की कोपऱ्यातलं मशीन टेम्पोत चढतंच, असं सगळे धरून चालले होते.

चढलं नाही, कारण चार बायका मध्ये आल्या. अ‍ॅन लेव्हिन्सन, शहराच्या माजी उपमहापौर आणि न्यायाधीश राहिलेल्या. लिसा ब्रमेल, मायक्रोसॉफ्टमध्ये मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख. डॉन ट्रुडो, मायक्रोसॉफ्टमध्येच वरच्या पदावर काम केलेल्या. आणि जिनी गिल्डर, गुंतवणूकदार आणि १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये नौकानयनात रौप्यपदक मिळवलेली खेळाडू. या गिल्डरबाई १९७६ मध्ये येल युनिव्हर्सिटीच्या नौकानयन टीममध्ये होत्या. सरावानंतर मुलांना शॉवरची सोय आणि मुलींनी मात्र ओल्या कपड्यांत थंडीत बसमध्ये थांबायचं, याविरुद्ध त्या टीमने केलेलं आंदोलन अमेरिकेत प्रसिद्ध आहे. बायकांच्या खेळाला "उरलंसुरलं" मिळतं म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

चौघींमध्ये समान गोष्ट ही की चौघीही स्टॉर्मचं सीझन तिकीट काढणाऱ्या होत्या. नेहमीचं गिऱ्हाईक! त्यांनी फोर्स टेन हूप्स नावाची कंपनी काढली. वाऱ्याचा जोर मोजायच्या ब्यूफोर्ट मापात दहा नंबर म्हणजे वादळ, आणि टीमचं नाव स्टॉर्म, म्हणून हे नाव. जानेवारी २००८ मध्ये १ कोटी डॉलरला सौदा जाहीर झाला, फेब्रुवारीअखेर लीगची मंजुरी आली. म्हणजे सॉनिक्स जायच्या आधीच स्टॉर्मचा सातबारा वेगळा झाला होता.

मला या गोष्टीतला सगळ्यात मोलाचा भाग इथून पुढे वाटतो, जरी बातम्यांमध्ये तो कधी फारसा येत नाही.

मशीन कोपऱ्यातून उचलून स्वतःच्या गाळ्यात नेल्यावर काय काय लागतं, विचार करा. वेगळं मीटर. वेगळं बिलबुक. स्वतःचा माणूस. जागेच्या मालकाशी स्वतः बोलणं. स्टॉर्मलाही तेच लागलं. कीअरेना हे स्टेडियम शहराचं, त्याच्याशी आता सॉनिक्सच्या आडोशाने नाही, स्वतःच्या नावाने करार. तिकीटविक्री स्वतःची, जाहिरातदार स्वतः शोधायचे. आणि कारभार कुणाच्या हातात दिला? त्याच कॅरन ब्रायंट, ज्या रेनपासून या गिऱ्हाइकाला ओळखत होत्या. नवीन मालक आले की पहिला दणका जुन्या मॅनेजरला बसतो, असं आपण नेहमी बघतो. इथे मालकिणींनी जुन्या माणसालाच सीईओ केलं. चालता धंदा घेताना तुम्ही फर्निचर, माल, गुडविल सगळ्याचे पैसे मोजता, पण गिऱ्हाइकाला नावाने ओळखणारा माणूस टिकवायचा विसरता. तो गेला की निम्मा धंदा त्याच्या मागून जातो.

जागेचंही बघा. कीअरेनात बास्केटबॉलसाठी सतरा हजारांच्या आसपास माणूस मावायचा. स्टॉर्मच्या नेहमीच्या सामन्यांना वरचा मजला बंद ठेवून साधारण ९,७०० जागाच विकायला काढत. अर्धं रिकामं मोठं स्टेडियम दाखवण्यापेक्षा भरलेलं छोटं बरं. ज्यांचं दुकान दहा बाय पंधराचं आहे त्यांनी हे वाचून खूश व्हायला हरकत नाही. माल कमी असेल तर मागचं रॅक पडद्याने झाका, रिकामी रॅकं गिऱ्हाइकाला पळवतात.

खेळाचं म्हणाल तर २०१० मध्ये नव्या मालकिणींना पहिली ट्रॉफी मिळाली, आणि तीसुद्धा थाटात. ३४ पैकी २८ सामने जिंकले, घरच्या मैदानावर अख्ख्या सीझनमध्ये एकही हरले नाहीत, प्लेऑफमध्ये सातही जिंकले. त्या वर्षी जर्सीवर मायक्रोसॉफ्टच्या बिंगचं नाव होतं. आता मालकिणींपैकी दोघी मायक्रोसॉफ्टच्या, ओळखीचा उपयोग झाला असं म्हणाल तर म्हणा. मला त्यात काही गैर दिसत नाही. भागीदार निवडताना त्याच्या पैशाइतकीच त्याच्या ओळखीची वही बघायची असते. आणि पुरुषांच्या एनबीएने जर्सीवर जाहिराती घ्यायला सुरुवात केली ती २०१७ मध्ये! धाकट्या बहिणीने हे काम कितीतरी आधी सुरू केलं होतं, कारण तिला गरज होती.

आता मूळ कोड्याकडे येते. दोन्ही टीम आधाराच्या छत्राखालून बाहेर पडल्या, दोन्ही १ कोटीला गेल्या, दोघींवर तीच मंदी कोसळली. मग फरक कशाचा? माझं मत सांगते, पटलं तर घ्या. ह्यूस्टनमध्ये एकटा मालक, त्याचा जीव अर्थातच आपल्या फर्निचरच्या दुकानात. एनबीए मालकाचा जोडधंदा होता, तो फर्निचरवाल्याचा जोडधंदा झाला. गाळा बदलला, टीमचं कोपऱ्यातलं स्थान तेच राहिलं. आणि घेतल्यावर वर्षभरात जागा हलली. सिएटलमध्ये चार खिसे, चार प्रकारची डोकी. एक सरकारी कामकाज जाणणारी, एक माणसं सांभाळणारी, एक मोठ्या कंपनीत कारभार बघितलेली, एक गुंतवणूक आणि खेळ दोन्ही कळणारी. जागा तीच, तीच खुर्ची, तेच तिकीट. गिऱ्हाइकाला फक्त कळलं की आता मालक आपल्याच रांगेत बसतात. फक्त आवड असली की धंदा टिकतो असं मी मुळीच म्हणत नाही. ह्यूस्टनच्या मालकालाही आवड होतीच.

आणखी एक गंमत. ह्यूस्टनची शेरिल स्वूप्स २००८ चा सीझन कुठे खेळली? सिएटलमध्ये. तिची जुनी टीम अखेरचे श्वास घेत असताना ती या नव्या मालकिणींच्या पहिल्या सीझनमध्ये स्टॉर्मच्या जर्सीत होती. टीना थॉम्पसननेही आपली शेवटची दोन वर्षं, २०१२ आणि २०१३, स्टॉर्मसाठीच खेळली.

पुढची काही वर्षं सपाट गेली. लॉरेन जॅक्सन दुखापतींनी हैराण. नंतर भागीदारांपैकी लेव्हिन्सन बाहेर पडल्या, तिघी राहिल्या. २०१४ मध्ये १२ विजय, २०१५ मध्ये १०. हरण्याची कमाई परत आली: २०१५ ला ड्राफ्टमध्ये पहिली ज्युएल लॉइड, २०१६ ला पहिली ब्रियाना स्टुअर्ट. २०१८ मध्ये तिसरी ट्रॉफी.

आणि लगेच धक्का, तोही दुहेरी. कीअरेना पाडून आतून नवं करायचं ठरलं. जुनं छप्पर ऐतिहासिक म्हणून तसंच टेकू देऊन ठेवलं आणि खाली सगळं खणून काढलं. २०१९ मध्ये स्टॉर्म अर्धी युनिव्हर्सिटीच्या हॉलमध्ये, अर्धी शेजारच्या एव्हरेट गावात खेळली. २०२० मध्ये कोविड, सगळी लीग फ्लोरिडात एका कॅम्पसमध्ये बंद. २०२१ पूर्ण सीझन एव्हरेटला. तीन वर्षं स्वतःचं घर नाही. रस्तारुंदीत दुकान गेलेल्यांना हे काय असतं ते सांगायला नको.

दुसरा धक्का माणसाचा. एप्रिल २०१९ मध्ये स्टुअर्ट हंगेरीत युरोपियन फायनल खेळताना तिच्या पायाची अकिलीस शीर तुटली. अख्खा सीझन गेला. ती तिथे काय करत होती? नोकरी! डब्ल्यूएनबीएचे पगार इतके कमी होते की चांगल्या खेळाडू हिवाळ्यात रशिया, तुर्कस्तान, चीनमध्ये जाऊन खेळायच्या आणि तिथे कितीतरी जास्त कमवायच्या. स्टुअर्ट रशियातल्या कुर्स्कच्या टीमकडून खेळत होती. म्हणजे तुमचा सगळ्यात हुशार कारागीर तुमच्या पगारात भागत नाही म्हणून रात्री दुसरीकडे राबतो, आणि तिथे त्याचा हात मशीनमध्ये जातो. नुकसान कुणाचं? २०२० मध्ये लीगचा खेळाडूंशी नवा करार झाला आणि कमाल पगार २,१५,००० डॉलरपर्यंत गेला. आधी तो याच्या जवळपास निम्मा होता. स्टुअर्ट परतली आणि त्याच वर्षी फ्लोरिडाच्या त्या बंद कॅम्पसमध्ये स्टॉर्मने चौथी ट्रॉफी घेतली. चार झाल्या, ह्यूस्टनच्या बरोबरीला.

२०२२ मध्ये टीम नव्या स्टेडियममध्ये परतली, आता नाव क्लायमेट प्लेज अरेना. ७ ऑगस्टला सू बर्डचा नेहमीच्या सीझनमधला घरचा शेवटचा सामना होता. १८,१०० माणसं. ज्या टीमचा वरचा मजला झाकून ठेवायला लागायचा, तिच्यासाठी.

आता आकड्यांकडे या, वही काढा. २०२३ च्या सुरुवातीला मालकिणींनी टीमचा सुमारे १४ टक्के हिस्सा विकला आणि २.१ कोटी डॉलर उभे केले. टीमची किंमत धरली १५.१ कोटी डॉलर. २.१ भागिले १५.१ करा, येतात साधारण १४ टक्के. हे गणित ज्यांना अजून जमत नाही त्यांनी आजच चार वेळा करून बघा. कुणी गुंतवणूकदार येऊन "दहा लाख देतो, वीस टक्के द्या" म्हणाला तर तो तुमच्या धंद्याची किंमत पन्नास लाख लावतोय, हे चहा संपायच्या आत कळलं पाहिजे.

१ कोटीचे पंधरा वर्षांत १५ कोटी झाले म्हणून हुरळून जाऊ नका. ती कागदावरची किंमत आहे, गल्ल्यातली रोकड नाही, आणि मधल्या वर्षांत धंद्यात जे घालावं लागतं ते या गणितात धरलेलं नाही. बघण्यासारखी गोष्ट दुसरी आहे: हिस्सा विकून आलेला पैसा गेला कुठे. तो खर्चाची भोकं बुजवायला घेतला नव्हता, टीमच्या स्वतःच्या सराव केंद्रासाठी घेतला होता. इतकी वर्षं सराव दुसऱ्यांच्या जागेत, त्यांच्या वेळेनुसार चालायचा. एप्रिल २०२४ मध्ये सिएटलच्या इंटरबे भागात ५०,००० चौरस फुटांचं केंद्र उभं राहिलं, खर्च ६.४ कोटी डॉलर. सव्वापाचशे कोटी रुपये म्हणा.

मधल्या काळात सगळं गोड नव्हतं हेही सांगते. २०२३ मध्येच स्टुअर्ट न्यूयॉर्कला निघून गेली, आणि त्या सीझनमध्ये ४० सामन्यांत फक्त ११ विजय. स्टार माणूस गेला की असंच होतं. पण बिल्डिंगचं काम थांबलं नाही, आणि २०२४ मध्ये टीम २५ विजयांवर परत आली.

बाकी बाजार कुठे गेलाय ते एका आकड्यावरून बघा. जून २०२५ मध्ये लीगने क्लीव्हलंड, डेट्रॉइट आणि फिलाडेल्फियाला नव्या टीम दिल्या, प्रत्येकी प्रवेश फी २५ कोटी डॉलर. क्लीव्हलंड म्हणजे तेच शहर, जिथली टीम २००३ मध्ये कुणी घ्यायला तयार नव्हतं. पोर्टलंडलाही पुन्हा टीम मिळाली आणि त्यांनी जुनंच नाव घेतलं, फायर.

आणि सू बर्ड. २००२ मध्ये ड्राफ्टमधून आली तेव्हा टीम जोडपॅकमधली फुकटची वस्तू होती. तिने तीन मालक बघितले, चारही ट्रॉफ्या उचलल्या, एकाच टीममध्ये करिअर संपवलं. एप्रिल २०२४ मध्ये, सराव केंद्र उघडलं त्याच महिन्यात, तिने टीममध्ये पैसे घातले. आता ती स्टॉर्मच्या मालकांपैकी एक आहे.

पुढच्या आठवड्यात भागीदारी करारनाम्यावर व्हिडिओ येतोय, "प्रामाणिक प्रयत्न" छाप शब्द कसे ओळखायचे आणि त्याऐवजी काय लिहून घ्यायचं, यावर. तुमच्या करारनाम्यात असं एखादं वाक्य असेल तर नावं झाकून कमेंटमध्ये टाका, त्यातली दोन-तीन घेऊनच बोलते.